काडी मोडायची राहिली होती

खुरासणी फुलली की इतरांना काय आठवतं ते मला ठाऊक नाही. मला पासपोर्टचा फॉर्म आठवतो. जव्हारहून मोखाड्याकडे निघालं की ऑक्टोबरात रस्त्याच्या दोन्ही अंगांना उतारच्या उतार पिवळे झालेले असतात. शहरातली माणसं गाड्या थांबवून त्या पिवळ्यात उभी राहतात, फोटो काढतात, आणि मी खांद्याला लसीचा डबा अडकवून त्यांच्यामधून वाट काढते. 'जरा सरकता का,' असं दोनदा म्हणावं लागतं. पुढं खाचरांत भात कापून पडलेलं असतं. त्याचा एक वास येतो, ओलसर, गोडूस, जरा उबट. तो नाकात गेला की मी आपोआप चिडते. गेल्या वर्षी याच दिवसांत मी देशाबाहेर जायची तयारी करत होते, आयुष्यात पहिल्यांदा आणि एकटी. तयारी म्हणजे काय, तर संगणकावरच्या एका रकान्याशी भांडत बसले होते.

मी उपकेंद्रातली नर्स. माहेर वावर गावाकडचं, शिक्षण आश्रमशाळेत, आणि नोकरी लागली तीही फिरून याच डोंगरात. यशवंत मला भेटला तो लसीकरणाच्या दिवशी. त्याच्या पाड्यावर तेव्हा विजेचे खांब नवे नवे येत होते आणि तो वायरमनच्या हाताखाली काम करायचा. मी खाली पोरांच्या दंडाला सुया टोचत होते, पोरं भोकाड पसरत होती, आणि हा वर खांबावरून ओरडला, 'बाई, माना नको हां टोचू, मी वर हाय.' 'माना' म्हणजे आमच्या बोलीत 'मला'. सगळ्या बाया हसल्या. मला राग आला. मला राग लवकर येतो आणि तो जायला वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवते.

त्याच हिवाळ्यात मी त्याच्या घरी राहायला गेले. लग्न झालं नव्हतं. आमच्याकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही. बाई घरात आली, चुलीपाशी बसली, चिखलात उतरून भाताच्या आवणीला लागली, की ती सून. लग्न मागाहून, सवडीनं. मांडव घालायचा तर सगळ्या पाड्याला जेवण आलं. मग एका वर्षी पाऊस दगा देतो, एका वर्षी घरात कुणी अंथरुणाला खिळतं, आणि लग्न पुढं जातं. मी एक मांडव असा पाहिलाय की आधी आईबापाला हळद लागली आणि त्याच पाटावर मग त्यांच्या लेकाला. तेव्हा आमचं 'यंदा नागली घरात आली की करू' हे नऊ वर्षं चाललं, यात मला काही वावगं दिसलं नाही. नागली दरवर्षी घरात येत होती.

नवव्या वर्षी तो भिवंडीला एका गोदामात कामाला लागला. आमच्या बाजूची अर्धी माणसं दिवाळीनंतर खालीच असतात, कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर, त्यामुळे घरात पुरुष नसण्याची सवय बायकांना असते. तो महिन्यातून एकदा यायचा. मग एक महिना चुकला. मग फोनवर बोलताना मागे कुणीतरी भांडी ठेवतंय असा आवाज यायला लागला. मी विचारलं नाही. एका शनिवारी तो आपण होऊन म्हणाला, 'हिकडं एक हाय माझ्यासंगं. तुला सांगायचं होतं.' मी मोहाच्या झाडाखाली तवा घासत होते, दोन्ही हात राखेचे, फोन खांद्याला लावलेला. आणि मी काय म्हटलं असेल? 'जेवलास का?' असं विचारलं. नऊ वर्षांची सवय, दुसरं काय. तो 'हो' म्हणाला. त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी एक पिशवी भरून मी जव्हारला आले आणि बाजारामागं एक खोली भाड्यानं घेतली. आठवड्यानं एक पिकअप दाराशी थांबली. आत भाताच्या पेंढ्यावर आडवं घातलेलं माझं लोखंडी कपाट. यशवंत म्हणे आदल्या दिवशी पाड्यावर येऊन गेला, कपाट चढवलं आणि परत गेला. मी त्या दिवशी ड्यूटीवर होते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. ड्रायव्हरनं मला कपाटाच्या दारावरचा पोचा दाखवला आणि म्हणाला, हा आधीचाच आहे, माझ्या गाडीत नाही पडला. मी म्हटलं, असू दे.

खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मी कुणाशी धड बोललेच नाही. एका माणसाचं जेवण करायला मला येईना. डाळ कितीही थोडी शिजत घातली तरी दुसऱ्या दिवसाला उरायची, आणि ती उरलेली डाळ बघून मी भिंतीकडं तोंड करून बसायची. संध्याकाळी शाळा सुटली की गल्लीतून पोरांचा लोंढा जायचा, मग एसटी डेपोकडून शेवटच्या गाड्यांच्या घोषणा ऐकू यायच्या, मोखाडा, खोडाळा, विक्रमगड. मला कुठंच जायचं नसायचं. आणि तरी जावं तर लागायचंच, कारण त्याचा पाडा माझ्याच उपकेंद्राखाली येतो. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मला तिथं लसीकरणाला जायचं असायचं. बाया काही वाईट बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी दोन शब्द सुनावले असते. त्या मला बघून गप्प व्हायच्या, आणि पोरं मुकाट्यानं पुढं करायच्या.

या सगळ्यात व्हिएतनाम कुठून आलं ते सांगते. मोबाइलवर एक व्हिडिओ आला. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची खाचरं, धुकं, आणि बाया गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावतायत. डोक्यावर आमच्या इरल्यासारखं काहीतरी बांबूचं. त्या एकीकडून दुसरीकडं सरकत होत्या ती पद्धत हुबेहूब आमची, आधी डावा पाय मागं, मग उजवा. मी तो व्हिडिओ पाचसहा वेळा पाहिला. मनात एकच आलं: तिथं मला सगळं कळेल, आणि मी कोण ते कुणालाही कळणार नाही. 'यशवंत कसाय' असं तिथं कुणी विचारणार नाही, आणि मला बघून कुणी गप्पही होणार नाही. मी ठरवलं, दहा दिवस जायचं. एकटीनं जायचं.

हे मी पहिल्यांदा सांगितलं मंजुळाला. मंजुळा आमच्या भागातली आशा कार्यकर्ती, मनानं चांगली, पण तिच्या कानात गेलेली गोष्ट दुपारपर्यंत चार पाड्यांत पोचते. ती ऐकून तिथंच बांधावर बसली. म्हणाली, 'भात बघाया जाणार? विमानानं? बाई, आपल्याकडं भात कमी पडला का?' मग गंभीर होऊन तिनं विचारलं की तिकडं माणसं काय खातात, आणि एकटी बाई दिसली की काय करतात. मला दोन्ही ठाऊक नव्हतं. तरी मी अशा थाटात उत्तरं दिली की जणू दरवर्षी जाते.

मग तयारी सुरू झाली. एक शंभर पानी वही केली. त्यात कुठल्या गावात कुठं उतरायचं, डोंगरात जायची बस कुठून सुटते, 'पाणी', 'दवाखाना', 'मला मिरची चालते' याला तिकडं काय म्हणतात, असं सगळं लिहिलं. एका प्रवास कंपनीला फोन केला तर तिथली मुलगी फार गोड बोलली, आणि शेवटी म्हणाली, मॅडम, आमचं कपल पॅकेज बघा ना, त्यात खोलीत फुलांची सजावट असते. मी म्हटलं, सजावट नको, खोली दाखवा. एकटीनं हॉटेलात बसून जेवायची सवय हवी, म्हणून स्टँडजवळच्या खानावळीत चार वेळा जाऊन जेवून आले. चारही वेळा वाढणाऱ्यानं समोरच्या खुर्चीपुढं दुसरा पेला ठेवला आणि मी चारही वेळा तो परत न्यायला सांगितला. पाचव्यांदा गेले नाही. रविवारी हनुमान पॉइंटला पाठीवर सामान लादून चढउतार करायची, कारण प्रवासाच्या व्हिडिओंतल्या मुली पाठीवर सामान घेऊन चालायच्या. तिथं सूर्यास्त बघायला आलेली जोडपी मला रस्ता विचारायची. त्यांना वाटायचं मी वाटाड्या आहे.

आता फॉर्म. बाजारात एक ऑनलाइन कामं करून देणारं केंद्र आहे, तिथं एक चटपटीत मुलगी बसते. नाव, जन्मतारीख, पत्ता भराभर झालं. जन्मतारीख एक जून हे मी सांगायच्या आधीच तिनं टाकलं. आमच्या आश्रमशाळेत गेलेले सगळे एक जूनलाच जन्मले आहेत. मग ती म्हणाली, 'वैवाहिक स्थिती?' ती पर्याय वाचत गेली. विवाहित, अविवाहित, घटस्फोटित, विभक्त, विधवा. तिनं परत पहिल्यापासून वाचले. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही.

तुम्हाला हसू येईल, पण हा रकाना मी रोज भरते. दुसऱ्यांचा. गरोदर बाई नोंदवायची तर आमच्या रजिस्टरात हा रकाना असतोच. पहिल्या पहिल्यांदा मी बायांना विचारायची, लग्न कधी झालं? एक जण पदर तोंडाला लावून हसत सुटली. म्हणाली, 'नाय झाला अजून. मोठी पोर दुसरीत हाय.' तेव्हापासून मी विचारणं सोडलं. बाई त्याच्या घरात राहते ना, त्याच्या शेतात राबते ना, मग 'विवाहित', आणि पुढं नवऱ्याचं नाव. इतकी वर्षं हजार वेळा मी हे बेधडक लिहीत आले, माझ्याच अधिकारात, आणि माझी वेळ आली तर हात अडला.

ती मुलगी समजूतदार होती. हळूच म्हणाली, 'ताई, कागदावर लग्न झालं नाही ना? मग सिंगल टाकू.' कायद्यानं तिचं बरोबर होतं. तिनं बाण त्या शब्दावर नेला. एक टिचकी, आणि माझी नऊ वर्षं जणू झालीच नव्हती. ते घर, आवणीच्या चिखलात एकत्र वाकणं, त्याच्या तापात त्याच्या उशाशी बसणं, काही झालंच नव्हतं. मी तिला म्हटलं, थांब. ती थांबली. मी म्हटलं, राहू दे आज. बाहेर आले आणि बाजारात उगाच कांदे घेतले.

त्याच आठवड्यात मंजुळा निरोप घेऊन आली. आत्याचा. आत्या म्हणजे यशवंतची आई. सासूला आमच्यात आत्याच म्हणतात. काटक, काळीभोर, बोलायला फटकळ बाई. नऊ वर्षांत तिनं मला कधी चांगलं म्हटलं नाही, आणि माझ्या ताटात कधी कमीही वाढलं नाही. निरोप एवढाच होता: 'खळं सारवलंय. रविवारी झोडणीला ये.' मी मंजुळाला म्हटलं, डोकं फिरलंय का तिचं? मी का जाऊ? मंजुळानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी शाळेतला सोपा प्रश्न चुकवला. म्हणाली, 'काडी कठं मोडली अजून?'

ही आमच्याकडची रीत. बाई घरात आली ती लग्नाशिवाय आली असली, तरी घरातून जाते ती काडी मोडूनच. पाड्यातली जाणती माणसं बसतात, दोघं एका काडीची दोन टोकं धरतात, आणि मोडतात. मग दोघं मोकळी. यशवंतनं फोन केला, कपाट पाठवलं, दुसरी केली. पण काडी मोडली नव्हती. म्हणजे आत्याच्या लेखी मी सूनच होते, आणि खळ्यावर भात झोडायला सुनेनं यायचं नाही तर कुणी यायचं? आत्याचं हे गणित सरळ होतं. रविवारी मी गेले.

त्या दिवसाचं काय सांगू. शेणानं सारवलेलं गुळगुळीत खळं, एका बाजूला भाताची उडवी रचलेली, हवेत कोंडा. आत्या, तिची जाऊ, शेजारच्या दोन बाया आणि मी. भारा उचलायचा, लाकडावर आपटायचा, दाणे झडले की पेंढा मागं टाकायचा. बोलायला सगळं होतं. कुणाच्या म्हशीला काय झालं, रेशनला यंदा तांदूळ कसा आला, कुणाची पोरगी बारावीला बसली. त्याचं नाव कुणीच काढलं नाही. दुपारी आत्यानं भाकरी आणि उडदाची आमटी वाढली, आणि मला नेहमीच्या जागी, उंबऱ्याच्या आतल्या अंगाला बसवलं. दंड भरून आले होते, अंगभर कोंड्याची खाज सुटली होती, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागली होती. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. संध्याकाळी जव्हारला परत आले, खोलीचं कुलूप उघडलं, आणि दारातच बसून रडले. इतकं एकटं मला कपाट आलं त्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. मी उपकेंद्रात गोळ्यांचे डबे लावत होते. नाव दिसलं आणि मी हातातला डबा खाली ठेवला. तो म्हणाला, 'परदेशात चाललीस म्हणं.' मी म्हटलं, हो. 'एकटीच?' मी म्हटलं, हो. मग तो जरा थांबला. आता इथं एक कबुली द्यायची आहे. मंजुळाला मी सगळ्यांत आधी का सांगितलं? कारण तिला सांगितलं की भिवंडीपर्यंत पोचतं, म्हणून. वही, बस, पाठीवरचं सामान, हे सगळं खरं होतं, पण त्याच्या तळाशी हे होतं: त्याला कळू दे, आणि तो म्हणू दे की नको जाऊस.  तो म्हणाला, 'सांभाळून जा. पाणी बाटलीतलाच पी.'

नर्सला पाणी कुठलं प्यायचं ते सांगत होता. मी फोन ठेवला आणि गोळ्यांचे डबे पुन्हा पहिल्यापासून लावले. त्या संध्याकाळी मला कळलं की मी व्हिएतनामला जायची तयारी करत नव्हतेच. मी त्याची वाट बघत होते, फक्त बूट घालून. दुसऱ्या दिवशी मी मंजुळाकरवी आत्याला निरोप धाडला: काडी मोडायची आहे.

आत्यानं आठवडाभर उत्तर दिलं नाही. मग कळवलं, झोडणीच्या शेवटच्या दिवशी ये. मी गेले तर खळ्यावर पाड्याचे कारभारी बसले होते. कारभारी म्हणजे ज्यांचा शब्द पाड्यात चालतो ते म्हातारे गृहस्थ. यांची मी दर महिन्याला रक्तदाबाची गोळी चुकल्याबद्दल खरडपट्टी काढते. दोन आणखी जाणते होते. खळ्यावर अशासाठी, की मोबाइलला रेंज येते ती फक्त तिथं, मोहाच्या झाडाखाली. आणि रेंज अशासाठी लागत होती, की यशवंत आला नव्हता. त्यानं कळवलं होतं, सुट्टी नाही, फोनवर करू.

एक टोपली पालथी घातली, तिच्यावर फोन ठेवला, आवाज मोठा केला. पलीकडून गोदामातल्या गाड्यांचा घरघराट येत होता. कारभाऱ्यांनी कुडाच्या भिंतीतून कारवीची एक वाळकी काडी उपसली, बोटभर लांबीची केली, एक टोक माझ्या हातात दिलं, आणि फोनकडं बघत बसले. मग म्हणाले, 'आता दुसरा टोक कोण धरील?' फोनमधून तो म्हणाला, 'बाबा, तुमीच मोडा ना कुणीतरी. माना काम हाय.' कारभारी असे संतापले की मला त्यांच्या रक्तदाबाची काळजी वाटली. ते म्हणाले, आमच्या सात पिढ्यांत कुणी काडी फोनवर मोडली नाही.  ती काडी माझ्या चिमटीत तशीच होती, दुसरं टोक हवेत.

आत्या मागं सूप घेऊन भात पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले, आली आणि काडीचं दुसरं टोक धरलं.

'मी धरतें,' ती म्हणाली. 'नऊ वरसं हिच्यासंगं राहलं कोण? मीच राहलें.'

 कारभाऱ्यांनी मान हलवली. तिचा अंगठा माझ्या अंगठ्याला लागला, खडबडीत, गरम. मी तिच्या तोंडाकडं बघितलं नाही, तिनंही नाही. वाळकी कारवी, ताकद लागलीच नाही. फोनमधून आवाज आला, 'झाला का?' आत्या म्हणाली, 'झाला.' तो पुढं काहीतरी बोलत होता. फोन बंद कसा करायचा ते तिला येत नव्हतं, तिनं तो माझ्याकडं केला, आणि मी बंद केला.

त्या दिवशी त्या घरचं पाणी प्यायचं नाही, असं कारभाऱ्यांनी सांगितलं. मी तशीच निघाले. फाट्यापर्यंत तास लागतो, ऊन होतं, घसा कोरडा पडला होता. काळीपिवळी जीपमध्ये एक बाई कोंबडीची डाली मांडीवर घेऊन बसली होती. मी रडायला लागले तर तिनं डाली खाली ठेवली आणि मला मध्ये जागा करून दिली. मोखाडा येईपर्यंत तिनं मला काही विचारलं नाही. अशी माणसं भेटतात म्हणून दिवस जातात.

केंद्रातल्या मुलीनं मला बघितल्याबरोबर अर्धा राहिलेला फॉर्म उघडला. मी म्हटलं, घटस्फोटित लिही. ती म्हणाली, ताई, मग कोर्टाचा कागद लागेल, आहे का? मी म्हटलं, कागद नाही, काडी आहे. तिला वाटलं मी थट्टा करतेय, मग तिनं माझं तोंड बघितलं. मीच म्हटलं, सिंगल टाक. या वेळी हात अडला नाही. त्या शब्दात माझी नऊ वर्षं नव्हती, पण ती कुठं आणि कुणाच्या हातात संपली ते आता मला ठाऊक होतं. सरकारला नाही कळलं तरी चालेल.

पासपोर्ट आला तोवर लसीकरणाची मोहीम लागली, मग उन्हाळा, मग साथी, रजा काही मिळेना. ती मिळाली आत्ता, खुरासणी परत फुलल्यावर. पुढच्या गुरुवारी विमान आहे. या वर्षभरात कुणी काही म्हणो, मला एकटीचा स्वयंपाक काही नीट जमलेला नाही. सणाला जास्त जाणवतं. वाघबारशीला पाड्यावरून ढोल ऐकू येतात तेव्हा मी मुद्दाम रजिस्टरं काढून बसते. यशवंतनं त्या भिवंडीच्या बाईला मे महिन्यात घरी आणलं. तो परत भिवंडीला गेला आणि ती आत्यापाशी राहिली. हे मला मंजुळानं सांगितलं, आणि सांगताना माझ्या पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, काढ तो हात, मला काही झालेलं नाही. तिनं काढला नाही.

परवा दुसरा मंगळवार होता. लसीकरण आटोपलं आणि मी आपण होऊन आत्याच्या खळ्याकडं वळले. जाते आहे, सांगून जावं, एवढंच मनात होतं. उडवी अर्धी उतरली होती. आत्या भारा आपटत होती, तिच्या बाजूला ती नवीन पोरगी, अंगाने बारीक, कामाला हळू, पण मन लावून करत होती. यंदा मला निरोप आला नव्हता. यायचा नव्हताच.

आत्यानं मला पाहिलं. हातातला भारा खाली ठेवला, घरात गेली, आणि एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. ती खुर्ची मी ओळखते. तलाठी आला, गुरुजी आले, मतं मागायला कुणी आलं, की ती निघते. तिनं ती खळ्याच्या कडेला मांडली, पदरानं पुसली आणि म्हणाली, 'बसा.' त्या पोरीला सांगितलं, 'ह्या नर्सबाई. जव्हारच्या. पाणी आण.'

मी बसले. काय करणार होते? पोरीनं पाणी आणलं, तांब्या दोन्ही हातांनी धरून. तिला बहुतेक कुणी काही सांगितलेलं नाही, किंवा सगळं सांगितलंय. तिच्या तोंडावरून कळलं नाही. मी विचारलं, तब्येत बरी असते ना? ती म्हणाली, हो बाई. खाली सगळ्या बाया काम करत होत्या आणि मी वर बसून बघत होते. मांडीवर हात ठेवले होते, ते कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. नऊ वर्षं ज्या खळ्यावर मी कंबर मोडून भात झोडलं तिथं मी त्या दिवशी पाहुणी होते, आणि आत्याचं काही चुकत नव्हतं. हीच रीत मी मागून घेतली होती. मी सांगितलं, गुरुवारी निघतेय. बाया नवलानं 'बाय बाय बाय' म्हणाल्या, विमानाचं विचारलं. आत्यानं पुढचा भारा उचलला. चहा झाला. मी उठले.

पाहुण्याला वाटेपर्यंत सोडायला जातात. आत्या माझ्या मागून आली, बांधापर्यंत. नऊ वर्षांत कधी आली नव्हती. घरच्या माणसाला कोण सोडायला येतं? मी पायवाटेवर उतरले, ती वर बांधावर उभी राहिली, लुगड्यावरचा कोंडा झटकत. तिनं मागं वळून बघितलं, ती पोरगी ऐकत नाही ना ते. मग खाली वाकून हळू आवाजात म्हणाली:

'तिकडं कुणाच्या खळ्यावर गेलीस, त खुर्चीवर नको बसू.'